आक्का गेल्या, तरी दारात बायका येतातच

ताई, नमस्कार.

माझी आत्या गेल्या वर्षी वारली. वय ७१. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात तिला सगळे आक्का म्हणायचे. लग्नानंतर तीन वर्षांतच नवऱ्यानं टाकलं, तेव्हा माहेरी आली ती कायमची. शिलाई मशीनवर पोट भरायची आणि उरलेला सगळा वेळ लोकांना द्यायची. विधवा, टाकलेल्या बायका, म्हातारी माणसं यांचे निराधार योजनेचे अर्ज, रेशनकार्डं, दवाखान्याच्या खेपा, नवरा-बायकोची भांडणं, पोलीस ठाणं. २०१९च्या महापुरात तर ती शाळेतल्या छावणीतच मुक्कामाला होती. कुठल्या संस्थेची ती कधी पदाधिकारी नव्हती. पगार नाही, मानधन नाही.

वर्षश्राद्ध दोन महिन्यांवर आलंय आणि घरात वाद सुरू आहेत. दादाला तिच्या नावानं दरवर्षी पुरस्कार द्यायचाय, पाहुणे म्हणून आमदारांना बोलवायचंय. चौकातलं मंडळ म्हणतं, चौकाला नाव देऊ आणि अर्धपुतळा बसवू. चुलतभाऊ म्हणतो ट्रस्ट काढू. देणग्यांसाठी व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड टाकायची त्यानं तयारीही केलीय. तिच्या नावावरची ठेव आणि आम्ही भावंडांनी घातलेले मिळून दोन लाख रुपये आहेत.

तिच्या खोलीत दोन ट्रंका भरून वह्या आहेत. एका पानावर एका बाईचं नाव, वाडीचं नाव आणि पुढे असं लिहिलंय : 'मृत्यूदाखला आणला. आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. आधी ते सरळ करणे. उत्पन्नाचा दाखला बाकी. पोरगी नववीत आहे, शाळा सोडू देऊ नये.' आणि खाली वेगळ्या शाईत : 'पैसे सुरू झाले.'

अजूनही आठवड्याला दोन-तीन बायका दारात येतात. आक्का गेल्याचं माहीत असून येतात. आई म्हणते, आता तरी दार बंद ठेवा. मी पुण्यात नोकरी करते, महिन्यातून एकदा गावी जाते. त्या बायका समोर आल्या की मान खाली जाते. मला आक्का होता येणार नाही. मग तिचा मान राखायचा तरी कसा?

— आक्कांची भाची

प्रिय मैत्रिणी,

पत्र वाचून झाल्यावर मी पुन्हा त्या वहीच्या पानाकडे वळले. तू ते उतरवून पाठवलंस हे फार चांगलं केलंस, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. आधारवर एक नाव आणि पासबुकावर दुसरं, ही तहसीलच्या कामातली नेहमीची अडचण. निराधारचे पैसे आता आधार जोडलेल्या खात्यात येतात, त्यामुळे प्रकरण मंजूर होऊनही बाईच्या हातात काही पडत नाही असं होतं. आक्कांनी ते अर्ज भरायच्या आधीच हेरलं. नववीतल्या पोरीच्या शाळेसाठी तर कुठल्याच फॉर्मवर रकाना नसतो. तो त्यांनी आपल्या मनानं घातला. आणि वेगळ्या शाईतली ती शेवटची ओळ! अर्ज भरून देणारे पुष्कळ असतात. पैसे सुरू झाले का, हे महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन विचारणारं माणूस क्वचित भेटतं.

तेव्हा माझं मत आधीच सांगून टाकते. पुरस्कार नको, पुतळा नको आणि ट्रस्टही आत्ता नको. दारात बायका येतात त्या कशासाठी येतात, हे आजपासून लिहून ठेवायला लाग. आक्कांच्या नावानं काय करायचं ते त्या यादीवरून ठरू दे.

तुझ्या दादाचा हेतू चांगलाच आहे. आत्याला आयुष्यभरात कुणी शाल घातली नाही ही त्याची खंत असणार, आणि ती खरी आहे. पण त्याच्यासोबत बसून हिशेब मांड. दोन लाखांची मुदत ठेव सात टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला १४,००० रुपये व्याज येतं. हॉल, स्पीकर, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि शंभर माणसांचं जेवण यात ते एका संध्याकाळीत संपतात. तेच पैसे महिन्याला वाटले तर अकराशे-बाराशे होतात. तेवढ्यात कितीतरी अर्जांच्या झेरॉक्स, फोटो, प्रतिज्ञापत्रं आणि वाडीवरून तालुक्याला यायचं एसटीचं भाडं भागतं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तर तिकीटच नाही. निवडीचाही प्रश्न आहे. पुरस्कार सुरू झाला की तिसऱ्या-चौथ्या वर्षी कुणाला द्यायचा यावरून ओढाताण सुरू होते आणि ज्याला मिळत नाही तो आक्कांच्या नावाशी फटकून वागायला लागतो. ज्या बाईनं गावातल्या कुठल्याच गटाला आपल्याला वापरू दिलं नाही, तिच्या नावावर हे कशाला?

पुतळ्याचं थोडक्यात. सार्वजनिक रस्त्यावर, फुटपाथवर पुतळे बसवायला सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली मनाई केली आहे, आणि इतर ठिकाणी बसवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मंडळाच्या पोरांना हे नीट समजावून सांग, त्यांची माया मोडू नकोस. त्या पोरांना काम दे. पुढे सांगते कोणतं.

चुलतभावाला मात्र आजच फोन कर आणि तो क्यूआर कोड थांबव. नोंदणी झालेली नसताना लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. एकाच्या खासगी खात्यात 'आक्का स्मृती' म्हणून पैसे जमत गेले तर सहा महिन्यांत गावात कुजबुज सुरू होईल आणि ती आक्कांपर्यंत जाईल. ट्रस्ट करणं वाईट नाही. पण १९५०च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदणी केली की दरवर्षीचे हिशेब, लेखापरीक्षण, विश्वस्त बदलले की बदल अर्ज, हे सगळं मागे लागतं. काम उभं राहायच्या आधी ट्रस्ट उभा केला की माणसांची ताकद कागदांतच संपते. दोन वर्षं काम चालू दे. तेव्हाही गरज वाटली तर काढा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी तुझ्या पत्रात एका ओळीत येऊन गेली. आई म्हणते, दार बंद ठेवा. तू ते लिहिलंस आणि पुढे निघून गेलीस. जरा थांब तिथे. आक्का तुझ्या आईच्या नणंद होत्या. वर्षानुवर्षं त्यांच्याकडे येणाऱ्या बायका तुझ्या आईच्या ओसरीवर बसल्या. त्यांना चहा कुणी केला? मार खाऊन रात्री-अपरात्री आलेल्या बाईला अंथरूण कुणी घालून दिलं? तिच्या पोरांना दूध कुणी दिलं? मला खात्री आहे की आक्का दवाखान्यात असायच्या तेव्हा घरी स्वयंपाकघरात तुझी आई असायची. तिचं नाव कुठल्या वहीत नसेल. आक्कांचा मान राखायचा म्हणजे आधी या बाईचा थकवा मान्य करायचा. तिचं म्हणणं खरं आहे : आता तिच्या दारात नको. वर्षश्राद्धाला चार माणसं जमतील तेव्हा आक्कांबद्दल बोलताना आईबद्दलही बोला, ती समोर बसलेली असताना बोला. आणि काम घरातून बाहेर काढा.

कुठे न्यायचं? गावात सार्वजनिक वाचनालय असेलच. नसेल तर समाजमंदिर, तालीम, शाळेची एखादी खोली. आठवड्यातला एकच दिवस धर आणि तो आठवडी बाजाराचा धर, कारण वाड्यांवरच्या बायका त्या दिवशी तशाही तालुक्याला येतात. बाजाराच्या दिवशी सकाळी दोन-अडीच तास तिथे दोन माणसं बसतील, एवढंच सुरुवातीला जाहीर करा. मंडळाच्या पोरांचं काम हे : ऑनलाइन अर्ज, आधारची दुरुस्ती कुठे होते ते दाखवणं, म्हाताऱ्या माणसाला गाडीवर बसवून बँकेत नेणं. मोबाइल त्यांच्या हातात दिवसभर असतोच, त्याचा असा उपयोग केलेला त्यांना आवडेल. आक्कांच्या नावाचा फलक लावायचाच असेल तर त्या खोलीच्या दारावर लावा, खाली वार आणि वेळ लिहा.

दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कॅन्सरच्या उपचाराला परगावाहून आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. बाबांनी हयातीत पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या, त्याच वाटेनं हे काम पुढे गेलं. १९५६ साली ते गेले. जालन्याहून किंवा यवतमाळहून आलेल्या, मुंबई पहिल्यांदाच पाहणाऱ्या माणसाला ते नाव पाठ टेकायला जागा मिळाली म्हणून लक्षात राहतं. पुतळे बाबांचेही पुष्कळ आहेत. पण मला विचारशील तर त्यांचा खरा मान त्या धर्मशाळेत आहे.

तू लिहितेस, मला आक्का होता येणार नाही. खरं आहे, आणि त्यात मान खाली घालण्यासारखं काहीच नाही. ताराबाई मोडक १९७३ साली गेल्या तरी कोसबाडचं काम थांबलं नाही, कारण अनुताई वाघ १९४५ पासून, बोर्डीच्या दिवसांपासून, त्यांच्यासोबत होत्या. कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवरचं बालशिक्षणाचं ते काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, स्वतःच्या शेवटच्या दिवसांपर्यंत चालवलं. जवळपास तीन दशकं त्या रोज शेजारी राहून शिकत होत्या. तू पुण्यात शिकत होतीस, नोकरी करत होतीस. आक्कांनाही ते हवंच असणार, पोरीनं शाळा सोडू नये असं वहीत लिहिणारी बाई ती! म्हणून शोधायचंय ते आक्कांच्या शेजारी कोण होतं. त्यांच्यासोबत तहसीलला जाणारी, पिशवी धरणारी, रांगेत नंबर धरून बसणारी एखादी बाई असेलच. कदाचित पूर्वी स्वतःच अर्ज घेऊन आलेली आणि मग येतच राहिलेली. वह्यांत तिचं अक्षर सापडेल, नाहीतर आई सांगेल. ती कमी शिकलेली असेल, सभेत बोलायला लाजत असेल. वाचनालयातल्या त्या खुर्चीवर पहिला हक्क तिचा. तिच्या येण्या-जाण्याचा आणि दिवस बुडतो त्याचा खर्च त्या व्याजातून द्या. आक्कांनी फुकट केलं म्हणून तिनंही फुकट करावं अशी अपेक्षा ठेवू नका. आक्कांना भावाचं घर होतं.

तुझ्या वाट्याला वह्या येतात. हे काम पुण्यात बसून होतं, पण ते घाईनं आणि बेफिकिरीनं करायचं नाही.

आधी ट्रंकांमधून लोकांची मूळ कागदपत्रं वेगळी काढ. अशा कार्यकर्त्यांकडे लोक विश्वासानं काहीही ठेवून जातात : रेशनकार्ड, शाळेचा दाखला, पासबुक, सोनाराची पावती. ज्याचं त्याला परत कर, पोच म्हणून वहीत सही घे. हे वर्षश्राद्धाच्या आधी झालंच पाहिजे. कुणाचा तरी अर्ज त्या एका कागदापायी अडून बसलेला असू शकतो.

मग वह्यांतल्या मजकुराचे दोन भाग कर. एक भाग कामाच्या रीतीचा : विधवेच्या अर्जाला काय काय लागतं, कुठला दाखला कुणाकडे मिळतो, हयातीचा दाखला द्यायचा राहिला की पैसे कसे थांबतात आणि पुन्हा सुरू करायला काय करावं लागतं. विधवा किंवा परित्यक्ता बाईला निराधार योजनेत महिना १५०० रुपये मिळतात. तेवढ्यासाठी चार-चार वेळा तालुक्याला खेपा घालणारी माणसं आहेत. आक्कांनी हे ज्ञान टेबलाटेबलावर उभं राहून मिळवलं. ते नावं गाळून, सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून काढ. नियम बदलतात, म्हणून प्रत्येक गोष्ट आजच्या नियमाशी पडताळून घे. सात-आठ पानांची पुस्तिका होईल. तिच्या प्रती बाजाराच्या दिवशी वाटता येतील.

दुसरा भाग बायकांच्या संसारांचा. कुणाला नवऱ्यानं कशानं मारलं, कुणाची पोरगी कुठून परत आणली, कुणी काय कबूल केलं. यातलं एक अक्षरही बाहेर जाता कामा नये. स्मरणिकेत नाही, फेसबुकवर नाही, घरच्या ग्रुपवरही नाही. 'हिचं आयुष्य आक्कांनी उभं केलं' म्हणून एखाद्या बाईला व्यासपीठावर बोलावण्याचा मोह होईल. ती आज कुणाची तरी सासू असेल, आणि सुनेला यातलं काही ठाऊक नसेल. तिनं आपणहून सांगितलं तरच तिचं ऐका. या वह्या कुलपात ठेव, किल्ली तुझ्याकडे आणि आणखी एकाच विश्वासाच्या बाईकडे असू दे.

याच संदर्भात आणखी एक. घरगुती हिंसाचाराची प्रकरणं वाचनालयात बसणाऱ्यांनी सोडवायला जाऊ नये. आक्कांना ते साधलं, कारण लोक त्यांना वचकून असत आणि रात्री अपरात्री त्या दारात जाऊन उभ्या राहू शकत. नव्या माणसांनी अशा बाईला २००५च्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा महिला समुपदेशन केंद्रात सोबत घेऊन जावं. तालुका विधी सेवा समितीकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिच्या उत्पन्नाची अट त्याला नाही. १८१ ही महिला हेल्पलाइनही आहे. 'सोबत घेऊन जावं' असं मी मुद्दाम लिहिलं. नुसता नंबर लिहून दिलेली बाई बहुतेक वेळा घरी परत जाते.

स्मरणिका काढायची असेल तर जरूर काढा, पण त्यात 'त्यागमूर्ती', 'मायेचा सागर' नको. त्या शब्दांत कुठलीही बाई बसते. त्यापेक्षा आक्कांना ओळखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आत्ताच जाऊन बस, मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि बारीक बारीक विचार. पहिल्यांदा कुठे भेटल्या? काय म्हणाल्या? कशावरून चिडायच्या? कुणाशी त्यांचं कधीच पटलं नाही? कुठलं काम त्यांना जमलं नाही आणि ते मनाला लागून राहिलं? छावणीत त्यांनी कशाची व्यवस्था पाहिली, धान्याची की बायकांच्या संडास-बाथरूमची? ही माणसं सत्तरी-पंचाहत्तरीची असणार, पुढच्या वर्षावर ढकलू नकोस.

त्यांना हेही विचार की आक्का या कामात आल्या कशा. मला राहून राहून एक शक्यता वाटते. १९८०च्या दशकात तुमच्याच जिल्ह्यात परित्यक्ता स्त्रियांची चळवळ उभी राहिली. कासेगावच्या इंदुताई पाटणकर तिच्यात पुढे होत्या. इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या लढ्यात भाग घेतलेल्या, १९५२ साली नवऱ्याचा खून झालेल्या, शिक्षिकेची नोकरी करून मुलाला वाढवलेल्या इंदुताई. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड हवं, घराला जागा हवी, या मागण्या घेऊन तेव्हा बायका मोर्च्यात आल्या. तुझ्या आक्का तेव्हा ऐन तिशीत, स्वतः टाकलेल्या, माहेरी राहणाऱ्या. त्या तिथे गेल्या होत्या की नव्हत्या हे मला सांगता येणार नाही, पण जुन्या वह्यांमध्ये आणि जुन्या मैत्रिणींकडे ते तपास. गेल्या असतील तर आक्का एकट्या नव्हत्या, त्यांच्यामागे बायकांची एक फळी होती. आणि त्यातल्या काहीजणी अजून असतील. त्यांना वर्षश्राद्धाला बोलवायचं राहून गेलं तर फार वाईट होईल.

दादाच्या आमदारांचं काय? येऊ देत, सगळ्यांसारखे येऊन बसू देत. व्यासपीठ नको, सतरंजी घाला. आईनं, त्या पिशवी धरणाऱ्या बाईनं आणि एखाद्या जुन्या मैत्रिणीनं बोलावं. शेवटी वाचनालयाचा वार आणि वेळ दादानं सांगावी, आणि ठेवीचा हिशेब दर सहा महिन्यांनी वाचनालयाच्या भिंतीवर लावायची जबाबदारीही त्यानंच घ्यावी. हे काम त्याला शोभेल आणि त्याची खंतही थोडी निवेल.

पुढच्या वेळी गावी जाशील तेव्हा वाचनालयाच्या कार्यवाहांना भेटून खोलीसाठी लेखी पत्र दे, तोंडी बोलण्यावर सोडू नकोस. पुस्तिकेचा पहिला मसुदा झाला की मला पाठव. निराधारच्या प्रकरणांत मुरलेली माझी एक मैत्रीण आहे, तिच्याकडून मी तो ओळ न् ओळ तपासून घेईन.

तुझी ताई